खिडकीच्या कडप्प्यावरचा हात

आमच्या डायलिसिस सेंटरातल्या कॉम्प्युटरने एका माणसाच्या अंगातलं पाणी कमी काढलं आणि तो मेला, असं जळगावात अजून सांगतात. मेहरूणच्या तळ्यावर सकाळी फिरायला येणारे माझ्या वयाचे लोकही सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघून मान हलवतात. कारण मी तिथे होतो. मी चार लोकांसमोर तसं बोललो होतो. मी बोललो ते खोटं होतं. त्या माणसाला कॉम्प्युटरने मारलं नाही. उलट तो कॉम्प्युटरच एकटा ओरडून सांगत होता, आणि त्याचं तोंड मी बंद केलं.

माझी सगळी नोकरी धरणगावात, जिनिंगच्या काट्यावर गेली. कापसाच्या गाड्या यायच्या, मी वजन करायचो. वजन वाढवायला कापसावर पाणी मारून आणणारे व्यापारी मी नुसती मूठ दाबून पकडायचो. कोरडा कापूस मुठीतून सुटला की फुलतो, ओला गोळा होऊन बसून राहतो. पकडलं की मी गुपचूप बाजूला घेऊन सांगत नसे. सगळ्या गाडीवाल्यांसमोर तो गोळा वर धरायचो आणि दोन वाक्यांत समोरच्याची उतरवायचो. लोक हसले की मला जेवल्यासारखं वाटायचं. निवृत्त झालो, किडन्या गेल्या, हा स्वभाव मात्र राहिला.

डायलिसिसच्या माणसाला लघवी नावालाच होते. तो जे पितो ते अंगातच साठतं. म्हणून मशीनवर चढण्याआधी आणि उतरल्यावर त्याला काट्यावर उभं करतात. मधल्या दिवसांत जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी, आणि तेवढं मशीनने काढायचं. जास्त किंवा भराभर काढलं तर रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, बेडवरच माणसाची शुद्ध हरपते. कमी काढलं तर ते पाणी हळूहळू छातीत चढतं. या दोन्हीच्या मधली वाट फार अरुंद आहे. डॉक्टर ती अंदाजाने काढायचे, आणि माझ्या बाबतीत तो अंदाज बऱ्याचदा चुकायचा. सून मला रिक्षात बसवून घरी न्यायची तेव्हा मी तिच्या खांद्यावर मान टाकून असायचो.

मग कॉम्प्युटरचा तो पडदा आला. वॉर्डाच्या भिंतीवर, आम्हा सगळ्यांना दिसेल असा. आमची टेक्निशियन धुळ्याची होती, पस्तिशीतली, बोलायला तडक. तिने समजावून सांगितलं. हा कॉम्प्युटर प्रत्येक रोग्याची मागची सगळी वजनं बघतो, रक्तदाब कधी कुठे पडला ते बघतो, ऊन किती, मधे सुट्टी किती हे बघतो, आणि आज किती पाणी, किती हळू काढायचं ते सुचवतो. नावापुढे रंग यायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाणी फार झालं, आज त्रास होणार.

"म्हणजे ज्योतिषीच म्हण की," मी म्हणालो.

"ज्योतिषी नाही आबा, हिशेब आहे."

"आणि हिशेबाला दिलेलं वजनच खोटं असेल तर?"

"तर तोही चुकेल. पण तो एकटं वजन बघत नाही."

वॉर्डात ज्योतिषी हेच नाव पडलं, आणि ते मी पाडलं. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्योतिषी आल्यापासून माझे गोळे थांबले. मी स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी जाऊ लागलो. सून म्हणाली, आबा, तुम्ही तर नवे झालात.

माझ्या शेजारच्या बेडवर एक निवृत्त एसटी कंडक्टर होता. गाव धुळ्याकडचं, बौद्ध समाजातला, बायको वारलेली. पिंप्राळ्यात मुलीकडे राहायचा. मुलगी शाळेत शिकवायची, तीच त्याला स्कूटरवर आणायची आणि न्यायची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. तो मला तुम्ही म्हणायचा, मी त्याला तू. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणाला खटकतही नव्हतं. त्याला खटकत असेल. मी कधी विचारलं नाही.

माणूस मजेशीर होता. सगळ्यांच्या सुया लागून मशीन सुरू झाल्या की मोठ्याने म्हणायचा, "चढनात का बठ्ठा? चला, डबल बेल." सगळे चढलात का, गाडी सोडतो, असं. वॉर्ड हसायचा. माझ्या आधी वॉर्ड कुणाच्या तरी बोलण्यावर हसतोय, हे मला पहिल्या दिवसापासून सोसलं नाही.

त्याला तहान आवरत नसे. तहान आम्हा सगळ्यांनाच असते. जळगावचा उन्हाळा, त्यात मोजून मापून पाणी. मी बर्फाचा खडा जिभेखाली धरून दुपार काढतो. त्याला ते जमत नव्हतं. शेवभाजी दिसली की खायचा, मिठाने घसा सुकला की प्यायचा, आणि काट्यावर चढला की पडद्यावर त्याच्या नावापुढे लाल.

एके दिवशी मी बेडवरूनच ओरडलो, "ताई, आज हतनूरचे किती दरवाजे उघडायचे?"

पावसाळ्यात धरणाच्या दरवाज्यांची बातमी आमच्याकडे रोज असते. सगळा वॉर्ड खदखदून हसला. समोरच्या बेडवर एक म्हातारी असायची, तिला आम्ही अक्का म्हणायचो, ती एरवी कण्हण्याशिवाय तोंड उघडत नसे. तीही हसली. त्या दिवसापासून कंडक्टरचं नाव धरण. तो आत आला की कुणी ना कुणी म्हणायचं, धरण आलं, किती टक्के भरलंय बघा. तोही हसून घ्यायचा. पण मला तेवढ्याने पुरेना. एकदा तो काट्यावरून उतरला, पुन्हा लाल आलं होतं, आणि मी म्हणालो,

"तुमच्या लोकांना पाण्याचं फारच कौतुक."

टेक्निशियनच्या हातात सुई होती, ती थांबली. कंडक्टर बेडवर बसला, पाय वर घेतले आणि सावकाश म्हणाला,

"माझ्या आज्याला गावानं पाणी दिलं नाही. मला डॉक्टर देत नाही. आबा, तुम्ही गावाकडून बोलताय का डॉक्टरांकडून, तेवढं सांगा, म्हणजे तिकीट फाडतो."

आधी टेक्निशियन हसली. मग सगळे हसले, अगदी मोकळं हसले, आणि या वेळी माझ्यावर. मी भिंतीकडे तोंड केलं. चार तास मशीनवर पडून माणूस कुठे जाऊ शकत नाही. मी ते हसू चार तास ऐकत पडलो. ते केव्हाच थांबलं होतं, तरी ऐकत होतो.

पुढचं सगळं त्या दिवसातून निघालं. मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो की मी त्याला दयेने मदत केली. ते खरं नाही.

त्याच्या मुलीने लाल रंग मनावर घेतला होता. ती सगळ्यांदेखत त्याला बोलायची. घरी तिने माठ उचलून आपल्या खोलीत नेला आणि शाळेत जाताना खोली बंद करून जाऊ लागली. एका सकाळी आम्ही काट्याजवळच्या बाकावर पाळीची वाट बघत बसलो होतो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, मन्ही पोरनी माठले कुलूप लायं." त्या दिवशी त्याला विनोद सुचत नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही काट्यावर जन्म घालवला. वजन वाढवणारे पाहिले असतील. कमी करणारा कधी पाहिला?"

आमचा काटा खिडकीजवळ कोपऱ्यात होता. खिडकीला काळा कडप्पा बसवलेला, कमरेच्या उंचीला. मी त्याला सांगितलं, काट्याला माणूस दिसत नाही, त्याच्यावर दाबलं जातं तेवढंच दिसतं. चढताना तोल सावरल्यासारखा डावा हात कडप्प्यावर ठेवायचा. दाबायचा, पण खांदा वर उचलू द्यायचा नाही. आकडा स्थिर होईपर्यंत श्वास तसाच धरायचा. उतरल्यावरच्या वजनालाही तेवढाच दाब, म्हणजे दोन्ही जुळतील, आणि पुढच्या खेपेला थोडा जास्त. मी उठून करून दाखवलं. माझं स्वतःचं वजन मी नुसत्या तळहाताने उतरवलं आणि त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे चमकले.

मला दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, ज्योतिषी फसतो का. दुसरी, हा माणूस माझ्या हातात येतो का. दोन्ही बघायला मिळाल्या.

त्याच्या नावापुढे हिरवा आला. पुन्हा आला. मुलीने सगळ्या वॉर्डाला राजगिऱ्याचे लाडू वाटले आणि माझ्या हातावर एक जास्त ठेवला, कारण बाबांनी तिला सांगितलं होतं की आबा मला समजावतात. माठ पुन्हा स्वयंपाकघरात आला. तो आता मला फार आदराने वागवायचा. माझ्या वाक्याआधी हसायचा. डबल बेल बंद झाली. मी कधी काट्याकडे बघून नुसतं खाकरलो तरी त्याचा चेहरा उतरायचा. खरं सांगतो, मला ते आवडत होतं.

काही आठवड्यांनी पडद्यावर त्याच्या नावापुढे वेगळीच खूण आली. टेक्निशियनने वाचून दाखवलं. वजन आणि रक्तदाब जुळत नाहीत, वजन पुन्हा घ्या, रोग्याला तपासा. वजन हिरवं, पण रक्तदाब दर खेपेला थोडा थोडा वर. पाणी नसेल तर दाब चढायचं कारण नाही, असा ज्योतिषाचा हिशेब. खूण पुढच्या खेपेला आली, त्याच्या पुढच्याही. तिने छातीचा फोटो काढायचा धोशा लावला. डॉक्टर आले. ते दोन-तीन सेंटरं बघायचे, नेहमी घाईत. त्यांनी कंडक्टरच्या पायावर बोट दाबून बघितलं, थोडी सूज होती, पण ती आमच्यात कुणाला नसते? मग ते माझ्याकडे वळले.

"आबा, तुम्ही काट्यातले माणूस. जरा बघा बरं, काट्यात दोष आहे की हे गृहस्थ काही करतात?"

मला अजून सुया लागायच्या होत्या. मी उठलो. माहीत असलेल्या वजनाची एक पेटी ठेवून आकडा तपासला आणि कंडक्टरला काट्यावर चढायला सांगितलं. मी समोर उभा राहिलो, वाकलो, काट्याच्या खाली हात घालून बघितला. सगळं थाटात, जिनिंगमध्ये करायचो तसं. कंडक्टरचा डावा हात कडप्प्यावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, पण काय विनवत होता ते मला आजही नक्की सांगता येत नाही. सांगू नका, की सांगून टाका.

"काटा बरोबर आहे," मी म्हणालो. "माणूसही सरळ उभा आहे. ज्योतिषाला वेड लागलंय."

डॉक्टर हसले. पडद्यावरची खूण त्यांनी स्वतः बोट लावून काढून टाकली. फोटो पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. टेक्निशियन काही बोलायला गेली, तर मी तिला म्हणालो, "पोरी, मला काटा शिकवू नकोस."

त्या आठवड्याच्या शेवटी त्याच्या गावाला लग्न होतं. आमच्या दोन पाळ्यांमधली मोठी सुट्टी तीच. भर उन्हात मांडवात बसला, जेवला, प्याला. परत आला त्या दुपारी त्याने मला फोन केला. दोन शब्दांच्या मध्ये थांबत होता.

"आबा, बसाले जमस. आडं पडाले जमत नही."

डायलिसिसवरच्या प्रत्येक माणसाला या वाक्याचा अर्थ कळतो. पाणी छातीत आलंय. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं. तसंच उठून दवाखान्यात जायचं, दुसरा विचार करायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्याला म्हणालो,

"उद्या सकाळी पाळी आहेच. आज गेलास तर दोघं जण धरून काट्यावर उभं करतील. हात ठेवायला मिळणार नाही. सगळं निघेल."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, "पोरले सांगू का?"

"माठाचं कुलूप हवंय का पुन्हा?" मी म्हणालो. "पाठीशी दोन उशा घे. धरण असं एका दिवसात फुटत नाही."

तो हसायचा प्रयत्न करत होता. खोकला आला आणि फोन बंद झाला.

सकाळी त्याचा बेड रिकामा होता. अर्ध्या तासाने टेक्निशियनला फोन आला. त्या दिवशी तिने माझ्या हाताला सुई दोनदा चुकवली.

दहा-बारा दिवसांनी नातेवाईक सेंटरात आले. मुलगी पुढे होती. तिचं म्हणणं एकच होतं, हिरवं होतं, मग बाबा गेले कसे. डॉक्टरांनी सांगितलं की कॉम्प्युटरने मधे शंका दाखवली होती, पण तपासून घेतली होती, आबांनी स्वतः. सगळे माझ्याकडे वळले. मुलगी म्हणाली, "आबा, तुम्ही शेजारी होतात. बाबा तुम्हाला मानायचे. तुम्ही सांगा."

तेव्हा खरं बोललो असतो तर तिथे मार खाल्ला असता, आणि तो मला झेपला असता. मी म्हणालो, "काटा बरोबर होता. ते सरळ उभे राहायचे. पाणी कमी काढायला त्या कॉम्प्युटरनेच सांगितलं." एवढ्याने भागलं असतं, पण सवय जात नाही. मी पुढे म्हणालो, "ज्योतिषाच्या नादी लागून दवाखाने चालत नाहीत." मागून कुणीतरी "बरोबर बोलले आबा" म्हणालं. मला क्षणभर जेवल्यासारखं वाटलं. तेच वाटलं, हे लिहून ठेवतो.

पडदा निघाला. कॉम्प्युटर बंद झाला. पुन्हा अंदाजाचा कारभार सुरू झाला. माझे गोळे परत आले, मी परत सुनेच्या खांद्यावर मान टाकून घरी जाऊ लागलो. त्याच उन्हाळ्यात समोरच्या अक्काचा दाब मशीनवर असतानाच इतका कोसळला की तिचं तोंड वाकडं झालं, ती पुन्हा चालली नाही. पडदा असता तर तिचं टळलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. माझं टळत होतं, एवढं मला माहीत आहे.

टेक्निशियन सोडून धुळ्याला गेली. मागच्या दिवाळीनंतर एका नातलगाच्या तेराव्याला मी धुळ्याला गेलो, तेव्हा तिच्या सेंटरात गेलो. तिथे तोच कॉम्प्युटर होता. पडद्याची पाठ रोग्यांकडे, आणि काटा खोलीच्या मधोमध. आजूबाजूला हात टेकायला काहीच नाही. मी तो काटा बघत उभा राहिलो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"त्याला माहीत होतं," ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मला संशय होता. पण तुमचा शब्द आमच्या दोघांपेक्षा मोठा पडला. चहा नाही विचारत आबा, तुमचं पाणी मोजकं."

जळगावला येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, ती खूण मी काढली होती. आता हे उकरून माझं काय आणि तुमचं काय भलं होणार? वय झालं, असं मनाला लावून घेऊ नका." एक झोपेची गोळी लिहून दिली.

उरली मुलगी. गेल्या महिन्यात मी रिक्षा करून पिंप्राळ्याला गेलो. तिने ओळखलं, आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि आल्या पाहुण्याला द्यायचं म्हणून पाण्याचा पेला पुढे ठेवला. मग तिच्या लक्षात आलं. "चुकलंच, तुम्हालाही मोजूनच ना," म्हणून पेला उचलायला लागली. मी म्हणालो, राहू दे, आधी ऐक.

सगळं सांगितलं. कडप्पा, हात, खाकरणं, फोन. पाण्याबद्दल तिच्या लोकांना बोललो होतो तेही. भिंतीवर तिच्या बापाचा गणवेशातला फोटो होता, मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो आणि तिला ते दिसत होतं.

ती म्हणाली, "त्या दिवशी शेवटी बाबांनी माझ्याकडे पाणी मागितलं. घोटभर. घसा सुकला म्हणाले. मी दिलं नाही. इतके दिवस हिरवं आहे, आता मोडू नका, असं म्हणाले मी त्यांना. हे माझं शेवटचं बोलणं."

मी हात जोडले. तिने जोडलेल्या हातांकडे बघितलं, उठून आत गेली आणि तांब्या भरून आणला.

"प्या."

"बेटा, मला चालत नाही."

"माहीत आहे. प्या."

मी पेला रिकामा केला. तिने तो पुन्हा भरला. तोही प्यालो. तिसरा भरला. गार होतं, माठातलं. इतक्या वर्षांत एवढं पाणी मी एका वेळी प्यालो नव्हतो, आणि शरम अशी की ते गोड लागत होतं. तांब्या संपला तेव्हा तिने दार उघडून धरलं.

"मला सांगून काही होत नाही आबा. जिथे खोटं बोललात तिथे बोला."

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. काटा अजून त्याच कोपऱ्यात आहे. मी चढलो. डावा हात आपोआप कडप्प्याकडे गेला, तो मी मागे घेतला आणि दोन्ही हात छातीशी बांधून उभा राहिलो. नव्या टेक्निशियनने आकडा मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे बघितलं. मी वॉर्डाकडे तोंड केलं आणि त्या कंडक्टरबद्दल बोलायला सुरुवात केली.

पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत दाराजवळच्या बेडवरून कुणीतरी ओरडलं. माणूस नवा होता, कंडक्टरला त्याने बघितलेलंही नव्हतं. पण शब्द वॉर्डात राहिला होता.

"आबा, आज धरण भरलं वाटतं."

सगळे हसले. हसणं थांबेपर्यंत मी काट्यावरच उभा राहिलो, आणि मग पहिल्यापासून सांगायला लागलो.